संगणकात वाजतंय तेच रेकॉर्ड करायचंय: फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

षड्ज (धागालेखक)

आकाशवाणीचं थेट प्रसारण, ऑनलाइन गाण्याची शिकवणी, एखादं वेबिनार. संगणकावर जे वाजतंय ते स्पीकरपुढे माइक न धरता आतल्या आत उचलायचं आणि त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत, एवढ्यापुरता हा धागा. 'कोणतं सॉफ्टवेअर चांगलं' या प्रश्नाला नेहमी दहा नावांची यादी मिळते आणि विचारणारा होता तिथेच राहतो. खरं म्हणजे नाव शेवटी येतं. आवाज कुठून उचलायचा हे ठरलं की सॉफ्टवेअर आपोआप ठरतं.

त्याआधी एक. फाइल तुमच्याकडे आधीच असेल तर रेकॉर्ड करूच नका. दोन तासांच्या व्हिडिओचा आवाज हवा म्हणून तो दोन तास वाजवत बसण्यात काही अर्थ नाही. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि संपादन करण्याच्या सॉफ्टवेअरला व्हिडिओ फाइली वाचणारी एफएफएमपेग लायब्ररी जोडली की ती एमपी४ फाइल खिडकीत ओढून टाकायची, आवाज मिनिटाभरात बाहेर येतो आणि मधल्या नोटिफिकेशनची टिंगटिंग त्यात शिरत नाही.

फाइल नसेल, नुसता प्रवाह (स्ट्रीमिंग) असेल, तर माझं मत असं. विंडोजवर फक्त आवाज हवा असेल तर ऑडॅसिटी. एकाच ॲपचा आवाज हवा, किंवा आपला माइक आणि संगणक वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, तर ओबीएस स्टुडिओ, पडदा आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड करणारं. मॅकवर ऑडॅसिटीच, पण सोबत ब्लॅकहोल नावाचा आभासी ड्रायव्हर, म्हणजे एका ॲपचा आवाज दुसऱ्याकडे पोचवणारी सॉफ्टवेअरची तार. लिनक्सवर लागतं ते बहुतेक आधीच बसलेलं असतं.

विंडोजवरची ऑडॅसिटी:

'ऑडिओ सेटअप' बटण → 'होस्ट' → 'विंडोज वासापी' (विंडोजची आवाज हाताळायची यंत्रणा). हे केल्याशिवाय पुढचा पर्याय यादीत दिसतच नाही, आणि निम्मे लोक इथेच अडकतात, कारण होस्ट मुळात 'एमएमई' असतो. मग 'रेकॉर्डिंग डिव्हाइस'मध्ये ज्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलंय ते निवडा, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाजच परत आत घेतला जातो. तुम्ही ज्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकताय त्याच उपकरणाचं लूपबॅक हवं. 'रेकॉर्डिंग चॅनल्स' २, म्हणजे स्टिरिओ. प्रोजेक्ट रेट ४८,००० हर्ट्झ ठेवा आणि विंडोजमध्येही त्या उपकरणाच्या गुणधर्मांत ४८,०००च आहे ना ते बघा, म्हणजे मध्ये आवाज एका दरातून दुसऱ्यात बदलावा लागत नाही. लाल बटण दाबा, पंधरा सेकंद घ्या, ऐका. मगच खरं रेकॉर्डिंग.

खिडकीवाला

चांगला धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). थोडी भर घालतो.

लूपबॅकची एक खोड माहीत हवी. संगणकावर काहीच वाजत नसेल तर ऑडॅसिटीचं रेकॉर्डिंग पुढे सरकत नाही, थांबून राहतं आणि आवाज आला की पुन्हा चालू होतं. व्याख्यानात वक्ता पाणी प्यायला थांबला तर फरक पडत नाही, कारण प्रवाह चालूच असतो. पण तुम्ही व्हिडिओ पॉज केलात तर तेवढा वेळ रेकॉर्डिंगमधून गायब. वेळ तंतोतंत जुळायला हवी असेल तर ऑडॅसिटीच्या 'जनरेट' मेन्यूतून पाच मिनिटांची शांतता बनवा, वेव्ह म्हणून काढा आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये आवर्तनावर लावून ठेवा. ऐकू काही येत नाही, पण प्रवाह जिवंत राहतो.

दुसरं, प्रतिध्वनी. रेकॉर्डिंगच्या पसंतींत 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' (नव्या आवृत्त्यांत 'ऑडिबल इनपुट मॉनिटरिंग') चालू असेल तर जे रेकॉर्ड होतंय ते पुन्हा स्पीकरवर वाजतं, लूपबॅक ते पुन्हा उचलतं, आणि दोन सेकंदांत विहिरीत ओरडल्यासारखा आवाज येतो. बंद करा. त्याच प्रोजेक्टमध्ये आधीचा ट्रॅक असेल तर रेकॉर्ड करताना तोही वाजतो आणि नव्यात मिसळतो. त्याला 'म्यूट' करा, किंवा नवं प्रोजेक्ट उघडा.

रात्रपाळी

स्टिरिओ मिक्सचं, म्हणजे संगणकाचा आवाज उचलणाऱ्या विंडोजमधल्या जुन्या इनपुटचं काय? जुन्या सगळ्या मार्गदर्शनांत तेच सांगितलेलं असतं. माझ्या विंडोज ११ वर ते दिसतच नाही.

खिडकीवाला

@रात्रपाळी, 'मोअर साउंड सेटिंग्ज' → 'रेकॉर्डिंग' टॅब → मोकळ्या जागेत उजवी क्लिक → 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'. रिअलटेकचा (साउंड चिपचा) ड्रायव्हर ते देत असेल तर तिथे करड्या रंगात दिसेल, 'एनेबल' करा. तिथेही नसेल तर ड्रायव्हरच देत नाही, शोधाशोध थांबवा.

पण असलं तरी मी ते वापरणार नाही. स्टिरिओ मिक्स फक्त रिअलटेकच्या चिपमधून बाहेर पडणारा आवाज उचलतं. तुम्ही एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर, यूएसबी हेडसेटवर किंवा ब्लूटूथवर ऐकत असाल तर आवाज त्या वाटेने जातच नाही आणि हाती सरळ रेष, म्हणजे नुसती शांतता येते. लूपबॅक या तिन्हींवर चालतं. वासापी विंडोज व्हिस्टापासून आहे, म्हणजे २००७ पासून. स्टिरिओ मिक्सचा सल्ला त्याच्याही आधीच्या काळातला.

डेसिबल

पातळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लूपबॅकवर ऑडॅसिटीच्या रेकॉर्डिंग पातळीच्या सरकपट्टीवर विसंबू नका. पातळी ठरवा ती वाजवणाऱ्या ॲपमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या किंवा प्लेअरच्या स्वतःच्या आवाजपट्टीवर. तिथे आवाज वीस टक्क्यांवर ठेवून बाहेर स्पीकर मोठा केलात तर तुम्हाला छान ऐकू येईल आणि रेकॉर्डिंग मिणमिणतं निघेल. ॲपचा आवाज ८० ते १०० टक्के ठेवा, कानाला जास्त होत असेल तर बाहेरच्या स्पीकरची खुंटी कमी करा. मीटरवर शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास आली की पुरे. लाल खूण दिसली तर ॲपचा आवाज दोन घरं खाली.

विंडोजचा मुख्य आवाज रेकॉर्डिंगवर परिणाम करतो की नाही हे ड्रायव्हरवर अवलंबून असतं. काहींवर शून्य केला तरी रेकॉर्डिंग पूर्ण येतं, काहींवर त्याबरोबर तेही खाली जातं. म्हणून षड्ज म्हणतात ती पंधरा सेकंदांची चाचणी टाळू नका. घरात आवाज नको असेल तर हेडफोन खोचून बाजूला ठेवणं सगळ्यात बिनधोक. फक्त खोचल्यावर उपकरण बदललं का ते बघा.

आणि जागा. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह म्हणजे मिनिटाला साधारण ११.५ एमबी, तासाला ६९० एमबी. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्ये साठवते, त्यामुळे प्रोजेक्ट फाइल याच्या दुप्पट, तासाला १.४ जीबीच्या घरात. तीन तासांची मैफल घेताना सी ड्राइव्हवर १० जीबी मोकळे ठेवा. संपादन करताना 'अनडू'साठी जुन्या प्रतीही त्यातच राहतात.

षड्ज

त्याला जोडून: एयूपी३ ही प्रोजेक्ट फाइल म्हणजे आतून एक डेटाबेस आहे, रेकॉर्डिंग चालू असताना ती सतत लिहिली जाते. ती क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. जुन्या फॅट३२ पेनड्राइव्हवर तर नकोच, तिथे कोणतीही फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. स्थानिक डिस्कवर रेकॉर्ड करा, नंतर हलवा.

बाहेर काढताना कोणता फॉरमॅट? भाषण असेल तर आधी मोनो करा, मग एमपी३ ६४ केबीपीएस, तासाला जेमतेम २९ एमबी. गाणं असेल तर १९२ किंवा त्यावर. पुढे संपादन करायचं असेल तर फ्लॅक, त्यात दर्जा घटत नाही. ९६,००० हर्ट्झ २४ बिटचा हट्ट इथे निरर्थक आहे. प्रवाह मुळातच दाबलेला येतो, त्यात जे नाही ते मोठ्या फाइलने परत येत नाही.

सारंगी_एनजे

इथे बरेच जण भारतातल्या गुरूंकडे झूमवर शिकतात, म्हणून थेट विचारते. क्लासचं रेकॉर्डिंग ऐकताना तानपुरा मधेच बुडतो, पुन्हा वर येतो. गळाही लांब षड्जावर दबल्यासारखा. ऑडॅसिटीतलं नेमकं काय बदलू?

डेसिबल

@सारंगी_एनजे, ऑडॅसिटीतलं काहीच नाही. झूम बोलण्यासाठी बनलेलं आहे. सतत, एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असं समजून त्याचं गोंगाट-दमन तो कापतं. तानपुरा नेमका तसाच: सतत आणि एकसारखा. लांब लावलेला स्वरही त्याच तडाख्यात सापडतो. आवाज तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच कापला गेलेला असतो, तुमच्या टोकाला कोणतंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही.

बदल गुरुजींच्या संगणकावर करायचा आहे. झूमच्या 'ऑडिओ' सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडायचं, त्याखाली 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड'वर खूण करायची. 'एको कॅन्सलेशन' काढायचं असेल तर हेडफोन हवाच, नाहीतर तुमचाच आवाज त्यांच्या स्पीकरमधून माइकमध्ये जाऊन तुम्हाला परत येईल. यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं 'ओरिजिनल साउंड' बटण 'ऑन' आहे ना ते बघायचं. नुसत्या सेटिंगने ते दर वेळी चालू असेलच असं नाही.

आणि तानपुरा तुम्ही तुमच्याच बाजूला लावून गात असाल तर क्लासच्या वेळी त्यांच्या टोकाचा बंद ठेवलेला बरा. इंटरनेटच्या विलंबामुळे दोन तानपुरे कधीच एकत्र बसत नाहीत.

खिडकीवाला

झूम असेल तर त्याचं स्वतःचं स्थानिक रेकॉर्डिंग आधी बघा. फुकट खात्यातही संगणकावर मिळतं, फक्त यजमानाने परवानगी द्यावी लागते. सेटिंगमध्ये 'प्रत्येक सहभागीची वेगळी ऑडिओ फाइल' असा पर्याय आहे, गुरूंचा गळा आणि तुमचा गळा वेगळे मिळतात. मीटिंग संपल्यावर रूपांतर पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप मिटू नका. मिटला तर फोल्डरमध्ये 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' नावाची फाइल उरते. ती पुसू नका, नावात सांगितलंय तसं डबल क्लिक करा.

सारंगी_एनजे

धन्यवाद, दोघांनाही. गुरुजींना मेसेज पाठवते. मला माझा माइक आणि त्यांचा आवाज वेगळा हवाय, पण क्लास कधी झूमवर असतो, कधी दुसऱ्याच ॲपवर. तेव्हा?

षड्ज

मग ओबीएस. ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करते, लूपबॅक किंवा माइक, दोन्ही नाही. दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये घेऊन नंतर जुळवायचं म्हटलं तर यूएसबी माइकचं घड्याळ आणि साउंड कार्डचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, तासाभरानंतर टाळी पुढेमागे पडते.

ओबीएसमध्ये असं करा. 'सेटिंग्ज' → 'आउटपुट' → मोड 'ॲडव्हान्स्ड' → 'रेकॉर्डिंग'. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतची फाइल उघडते. साध्या एमपी४ची ती हमी नाही. ऑडिओ ट्रॅक १, २, ३ वर खूण. मग 'एडिट' → 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज': माइकला ट्रॅक १ आणि २, 'डेस्कटॉप ऑडिओ'ला १ आणि ३. म्हणजे पहिला एकत्र, दुसरा फक्त तुम्ही, तिसरा फक्त ते. ओबीएस चित्र घेतल्याशिवाय राहत नाही, म्हणून 'व्हिडिओ'त ६४० × ३६० आणि सेकंदाला १० फ्रेम टाका, पडदा काळा राहू द्या. फाइल लहान राहते, पंखाही कमी फिरतो.

ही एमकेव्ही प्लेअरमध्ये लावली की फक्त पहिला ट्रॅक वाजतो. 'दुसरे ट्रॅक आलेच नाहीत' असं समजून पुसू नका. ऑडॅसिटीत आणा (एफएफएमपेग लागेल), तिथे सगळे ट्रॅक दिसतात.

खिडकीवाला

आणि एकाच ॲपचा आवाज हवा असेल, बाकीच्या टिंगटिंगीशिवाय, तर स्रोतांत 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' जोडा. ओबीएस २८ पासून आहे, विंडोज १० ची '२००४' ही आवृत्ती (हा क्रमांक आहे, वर्ष नव्हे) किंवा पुढची लागते. ते जोडलं की 'सेटिंग्ज' → 'ऑडिओ'मध्ये 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद करा. नाहीतर तोच आवाज दोनदा मिसळून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. ब्राउझर निवडलात तर सगळे टॅब त्यात येतात, नुसता एक टॅब नाही.

रात्रपाळी

ब्लूटूथ इअरबड लावून कॉल सुरू केला की आवाज टेलिफोनसारखा होतो आणि रेकॉर्डिंगही तसंच. ओबीएसमध्ये बिटरेट ३२० केला, तरी तेच.

डेसिबल

बिटरेटचा संबंध नाही. ब्लूटूथला दोन रूपं आहेत: गाणी ऐकायचं स्टिरिओ आणि बोलायचं हँड्स-फ्री. इअरबडचा माइक कुठल्याही ॲपने उघडला की तो हँड्स-फ्रीवर जातो, तिथे आवाज मोनो आणि ८ किंवा १६ हजार हर्ट्झवर येतो. कॉलच्या ॲपमध्ये आणि ओबीएसमध्येही माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडा. दोन्हीकडे. एका ठिकाणी जरी इअरबड राहिला तरी पुन्हा तेच. लांब रेकॉर्डिंगला तर तारेचाच हेडफोन घ्या. बडची बॅटरी संपली की ते उपकरण नाहीसं होतं आणि त्याच्यावर लावलेलं लूपबॅकही.

सफरचंदी

मॅकवाल्यांसाठी. मॅकओएसमध्ये ऑडॅसिटीला लूपबॅक दिसत नाही, म्हणून ब्लॅकहोल. २, १६ आणि ६४ चॅनलचं मिळतं, आपल्याला २ चं पुरे. बसवल्यावर 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडा, डावीकडे खालच्या अधिक चिन्हातून 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' बनवा. त्यात स्वतःच्या स्पीकरवर आणि ब्लॅकहोलवर खूण. मुख्य उपकरण स्पीकर, 'ड्रिफ्ट करेक्शन' ब्लॅकहोलपुढे. सिस्टिमचं आउटपुट हे नवं उपकरण करा, ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग डिव्हाइस ब्लॅकहोल.

दोन गोष्टी हमखास चुकतात. मल्टी-आउटपुटवर कीबोर्डची आवाजाची बटणं चालत नाहीत, म्हणून आवाज आधी ठरवून घ्या. दुसरं, ऑडॅसिटीला 'प्रायव्हसी'मध्ये मायक्रोफोनची परवानगी हवी. माइक वापरत नसलात तरीही, कारण मॅकच्या लेखी ब्लॅकहोल हेही इनपुटच. परवानगी नसेल तर चूक दाखवत नाही, निमूट सरळ रेष रेकॉर्ड होते.

पेंग्विनकाका

लिनक्सवर प्रत्येक आउटपुटचा 'मॉनिटर' नावाचा जुळा स्रोत असतोच, काही बसवायचं नाही. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' घ्या. ऑडॅसिटीत आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग व्हॉल्यूम कंट्रोलच्या 'रेकॉर्डिंग' टॅबवर जा आणि ऑडॅसिटीपुढे 'मॉनिटर ऑफ…' निवडा. क्रम महत्त्वाचा आहे: रेकॉर्डिंग चालू नसेल तर ऑडॅसिटी त्या टॅबमध्ये दिसतच नाही, आणि लोक म्हणतात लिनक्सवर होत नाही. पाइपवायर ही नवी आवाज-यंत्रणा असेल, उबंटूत २२.१० पासून तेच आहे, तर 'क्यूपीडब्ल्यूग्राफ' उघडून ब्राउझरची तार ओढून रेकॉर्डरला जोडा. एकाच ॲपचा आवाज, बाकी काही नाही.

जाता जाता: फुकट आणि मुक्त यात फरक आहे. ऑडॅसिटी, ओबीएस, ब्लॅकहोल तिन्हींचा स्रोत खुला आहे. 'फ्री ऑडिओ रेकॉर्डर' अशा नावाने जे शोधात सगळ्यात वर येतं त्यातलं बरंचसं ठरावीक मिनिटांनी थांबणारं चाचणीपुरतं, नाहीतर ब्राउझरचं मुख्यपान बदलणारं. जाहिरातीच्या दुव्यावरून काही उतरवू नका, प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

रात्रपाळी

ऑडॅसिटी हेरगिरी करते असं वाचलं होतं, ते?

पेंग्विनकाका

ते २०२१ चं. म्यूज ग्रुप या कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला, वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, गदारोळ झाला, प्रस्ताव मागे घेतला. आता अद्ययावत आवृत्ती तपासण्यासाठी ती बाहेर बोलते, ते पसंतींत बंद करता येतं. तरीही मन मानत नसेल तर टेनॅसिटी नावाची फुटून निघालेली आवृत्ती आहे.

षड्ज

पहाटेचा कार्यक्रम आपोआप घ्यायचा असेल तर ऑडॅसिटीत 'टायमर रेकॉर्ड' आहे, शिफ्ट आणि टी. सुरुवात-शेवट टाका, 'आपोआप जतन'वर खूण करा. पण प्रवाह तुम्हालाच आधी चालू करून ठेवावा लागतो, ऑडॅसिटी ब्राउझर उघडत नाही. लॅपटॉप चार्जरवर, झोपायची वेळ 'नेव्हर', झाकण उघडं.

कायद्याचं थोडक्यात: स्वतःच्या खासगी वापराला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम रास्त व्यवहाराची मुभा देतं. ती वाटण्याची किंवा अपलोड करण्याची मुभा नाही. क्लास असेल तर गुरूंना आधी विचारा.

सारंगी_एनजे

गुरुजींकडे बदल करून झाला. तानपुरा आता सलग येतोय, खर्जाची तारसुद्धा. पण ओबीएसमध्ये माझ्या ट्रॅकवर त्यांचा आवाज हलका ऐकू येतो.

डेसिबल

तुम्ही स्पीकरवर ऐकताय. हेडफोन लावा.